भुकेची जबानी

आपल्या शास्त्रग्रंथांत वादाची एक शिस्त होती. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं, तेही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मगच आपलं. इंग्रजीत ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ या नावानं ज्या प्रेमकथा वाचल्या जातात, त्यांतल्या एका पात्राविषयी लिहिताना ही शिस्त पाळणं मला गरजेचं वाटतं, कारण या पात्रावरचे आक्षेप किरकोळ नाहीत. हे पात्र म्हणजे सक्युबस. मध्ययुगीन युरोपच्या समजुतीप्रमाणे झोपलेल्या पुरुषाकडे रात्री येणारी, त्याच्याशी संग करणारी आणि त्याचं सत्त्व शोषून घेणारी सैतानी स्त्री. आजच्या प्रेमकथेत ती नायिका झाली आहे, आणि लघुकथेत व दीर्घकथेत ती सर्वांत चांगली उभी राहते, असं माझं मत आहे. खालचे दोन्ही पक्ष मीच मांडले आहेत. माझा कौल उत्तरपक्षाकडे आहे.

पूर्वपक्ष : ज्या पात्राची तुम्ही बाजू घेणार आहात, त्याचं कूळ आधी पाहा. तालमूद या ज्यू ग्रंथात घरात एकट्यानं झोपू नये, नाहीतर लिलिथ नावाची राक्षसी पकडेल, असा इशारा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनससारखा थोर पंडित अगदी शांतपणे लिहितो, की सैतान आधी स्त्रीरूप घेऊन पुरुषाचं वीर्य मिळवतो आणि मग पुरुषरूप घेऊन ते स्त्रीच्या पोटी घालतो. ही चर्चा मठातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण १४८६ च्या सुमारास हाइनरिख क्रामरनं ‘मॅलियस मॅलेफिकारम’ लिहिलं आणि हीच उपपत्ती चेटकिणींच्या खटल्यांसाठी हत्यार म्हणून पुरवली. चेटकाचं मूळ स्त्रीच्या न शमणाऱ्या वासनेत आहे, असं ते पुस्तक सांगतं. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या पुरुषांना झोपेत जे होत होतं, त्याची जबाबदारी त्यांना स्वतःवर घ्यायची नव्हती. ती कुणावर तरी टाकायला त्यांनी एक बाई कल्पिली, आणि त्या कल्पनेच्या आधारानं पुढे हाडामांसाच्या बायका जाळल्या गेल्या. त्याच पात्राला आज एखाद्या अमेरिकन शहरात नोकरी आणि प्रियकर दिला, की ते निर्मळ होतं का? पुरुषाच्या भीतीचं बाहुलं ते. बाईनं ते हौसेनं हातात घेतलं म्हणून त्याचा आकार बदलत नाही.

उत्तरपक्ष : कूळ तुम्ही सांगितलंत तेच आहे, त्यातला एक शब्दही मी नाकारणार नाही. पण या पात्राचा वापर कशासाठी झाला याचा तो पुरावा आहे. त्यात आणखी काय मावू शकतं, हा प्रश्न त्यानं निकालात निघत नाही. आणि गंमत नव्हे, मोठी लक्षणीय गोष्ट अशी, की धर्मगुरूंच्या दप्तरांतच हे पात्र त्यांच्या हातून निसटताना दिसतं. बाराव्या शतकातला वॉल्टर मॅप हा चर्चचा माणूस. त्यानं एका पोपची कथा लिहून ठेवली आहे. ९९९ ते १००३ या काळात दुसरा सिल्वेस्टर म्हणून पोप झालेला गेर्बेर तरुणपणी प्रेमात झिडकारला जातो, दरिद्री होतो, आणि रानात त्याला मेरिडियाना भेटते. ती त्याला धन देते, ज्ञान देते, पदाला पोचवते, आणि बदल्यात मागते ती फक्त निष्ठा. मॅपला सांगायचं आहे की हा सैतानाचा सापळा होता. पण कथा वाचताना मनात राहतं ते वेगळंच : झिडकारलेल्या माणसाला कुणीतरी आपलं म्हटलं, याची ऊब. भीतीतून जन्मलेलं पात्र बाराव्या शतकातच प्रेमकथेकडे झुकू लागलं होतं, आणि त्याला तिकडे नेणारा हात एका पाद्र्याचाच होता.

त्यापुढचं पाऊल फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचं. त्याच्या ‘कोंत द्रोलातिक’ या संग्रहात ‘ल स्युक्युब’ नावाची कथा आहे. काळ १२७१, गाव तूर. एका परदेशी बाईवर ती सक्युबस असल्याचा आरोप आहे आणि संपूर्ण कथा खटल्याच्या कागदपत्रांच्या रूपात आहे. शेजारीपाजारी, व्यापारी, सरदार एकेक करून साक्ष देतात, आणि प्रत्येक साक्षीतून आरोपीपेक्षा साक्षीदाराचीच ओळख पटत जाते. कुणाचा पैसा तिच्यापायी गेला आहे, कुणाचा मुलगा, कुणाची नुसतीच झोप. मग तिची स्वतःची जबानी येते : लहानपणी धर्मांतर, मठ, तिथून सुटका, आणि ज्यांनी तिच्यावर जीव टाकला त्यांची तिला वाटणारी काळजी. शेवटी तिचा न्यायनिवाडा करणारा म्हातारा धर्माधिकारीच तिच्या मोहात पडतो, आणि ती मात्र जळते. तुम्ही जो आरोप आज करता आहात, तो बाल्झाकनं १८३० च्या दशकातच कथेत गुंफला होता. पुरुषाची भीती या पात्राला जन्म देते हे खरं. पण त्या पात्राला बोलू दिलं, की ती भीतीच उलटतपासणीला उभी राहते. लिलिथचंही तसंच. ‘बेन सिराची वर्णमाला’ या मध्ययुगीन ग्रंथात ती आदमला सांगते, की आपण दोघं एकाच मातीचे, मग मी खाली का? आणि निघून जाते. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या लेखी ती राक्षसीच होती. तरीही १९७६ साली अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांनी आपल्या नियतकालिकाला ‘लिलिथ’ हेच नाव दिलं, कारण तो प्रश्न त्यांना आपला वाटला.

पूर्वपक्ष : बाल्झाकचं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही. त्याची नायिका सक्युबस नाहीच, ती खोट्या आरोपाची बळी आहे. निर्दोष बाईची बाजू घेणं सोपं असतं. तुमच्या पॅरानॉर्मल प्रेमकथेत मात्र नायिका खरोखरच सैतानी असते, खरोखरच पुरुषाचं आयुष्य शोषते. म्हणजे क्रामरचा आरोप तिथे सिद्ध धरूनच कथा सुरू होते. आणि सुरू झाली, की दुसरी अडचण उभी राहते. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेनं प्रेमकथेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दोन अटी आहेत : गाभ्याशी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. आता जिच्या मिठीनं माणूस झिजतो, तिच्या गोष्टीचा शेवट आशादायी कसा करणार? एकच वाट उरते. तिचे दात काढायचे. नायकच असा निघतो, की त्याच्यावर तिचा परिणाम होत नाही. किंवा कुठला तरी मंत्र, कुठलं तरी रक्त, कुठला तरी शाप उठणं. एकीकडे जुन्या भीतीवर शिक्कामोर्तब आणि दुसरीकडे त्या भीतीला मांजर करून मांडीवर घेणं, या दोहोंपलीकडे या प्रकारात तिसरं काही घडूच शकत नाही.

उत्तरपक्ष : नायकावर परिणामच होत नाही, या युक्तीविषयी तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. या प्रकारातल्या पुष्कळ कथा तिथेच मरतात. परिणाम होत नसेल तर प्रश्नच उरत नाही, आणि प्रश्न नसेल तर नायिका सक्युबस असो की शिक्षिका, फरक पडत नाही. पण तिसरं काही घडूच शकत नाही, हे मात्र खरं नाही. ते १८३६ मध्ये घडून गेलं आहे. त्या वर्षी जूनमध्ये ‘क्रोनिक द पारी’ या नियतकालिकात थिओफील गोतिएची ‘ला मोर्त आमुरूझ’ ही कथा आली. ते नियतकालिक त्या वेळी बाल्झाकच्याच ताब्यात होतं. सक्युबसच्या साहित्यातली ही दोन मोठी नावं एकाच कचेरीत भेटली, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. गोतिएचा नायक रोम्युआल्द धर्मदीक्षा घेत असताना, अगदी त्याच क्षणी, देवळात क्लारिमोंदला पाहतो. शपथ घेऊन मोकळा होतो, पण मन मोकळं होत नाही. पुढे तिच्या मृत्यूनंतर ती रात्री त्याच्याकडे येऊ लागते. दिवसा खेड्यातला पाद्री, रात्री व्हेनिसमधला उमराव, असं त्याचं दुहेरी आयुष्य सुरू होतं, आणि यांतलं स्वप्न कोणतं हे त्याला कळेनासं होतं. काही काळानं क्लारिमोंद खंगू लागते. एक दिवस फळ कापताना त्याचं बोट कापतं, ती धावत येऊन ते रक्त चोखते, आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज येतं. आता त्याला कळून चुकतं की ती कशावर जगते.

यानंतरचा प्रसंग मला या सबंध साहित्याचा कणा वाटतो. ती त्याच्या मद्यात गुंगीचं औषध घालते. त्यानं ते ओळखलेलं असतं, म्हणून तो पिण्याचं नाटक करून पडून राहतो. ती सोन्याच्या टाचणीनं त्याचा दंड टोचते आणि स्वतःशी हिशेब करत राहते : थोडंच घ्यायचं, याला जपायचं, जगायला लागेल तेवढेच थेंब. दुसऱ्या कुणाचं रक्त तिला आता नकोसं झालेलं असतं. घेऊन झालं, की जखमेवर मलम लावून ती पट्टी बांधते. आणि तो, सगळं पाहूनही, तिच्यावर प्रेम करणं थांबवू शकत नाही. तिनं मागितलं असतं तर आपणच दंड पुढे केला असता, असं त्याला वाटतं. इथे तिचे दात काढलेले नाहीत. तिची भूक खरी आहे, ती त्याच्यावाचून भागत नाही, आणि घेण्यानं त्याचं नुकसान होतं हेही खरं आहे. तरीही ही राक्षसी नाही, कारण ती मात्रा पाळते. कथेतला निर्दय माणूस म्हणजे तिची कबर उकरून पवित्र जलानं तिची राख करणारा वृद्ध धर्मगुरू सेरापियों. आणि म्हातारपणी ही कहाणी सांगताना रोम्युआल्द कबूल करतो, की तिला गमावल्याची खंत अजून गेलेली नाही. क्लारिमोंद रक्तपिपासू आहे, तिला सक्युबस का म्हणायचं, अशी शंका कुणी काढेल. धर्मगुरूच्या झोपेत येणं, त्याच्याशी संग करणं, त्याचं सत्त्व घेऊन जगणं, ही तिची सगळी लक्षणं सक्युबसचीच आहेत. काल्पनिक साहित्यात या दोन जातींमधलं कुंपण फार पूर्वीच मोडलं आहे.

आता क्रामरचा आरोप सिद्ध धरला जातो, या मुद्द्याकडे येते. क्रामरच्या लेखी बाईला भूक असणं हाच गुन्हा होता. चांगली प्रेमकथा भूक मान्य करते आणि गुन्हा नाकारते. हा बदल वरवर लहान दिसतो, पण बायका या कथा का वाचतात याचं उत्तर मला त्यातच सापडतं. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकथावाचक स्त्रियांचा अभ्यास करून १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. त्या स्त्रिया दिवसभर नवऱ्याचं, मुलांचं, घराचं करण्यात खपत होत्या. वाचनाचा वेळ म्हणजे त्यांनी फक्त स्वतःसाठी काढलेला वेळ होता, त्या वेळात कुणाला काही द्यायचं नव्हतं. सक्युबसच्या कथा तेव्हा आजच्यासारख्या रुजल्या नव्हत्या, पण हे पात्र कोणत्या वाचकाची वाट पाहत होतं ते तिथे स्पष्ट दिसतं. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं वाढून घेणारी बाई मराठी घरालाही परकी नाही. तिच्यासमोर अशी नायिका ठेवा, जिला घ्यावंच लागतं, घेतल्याशिवाय जी जगत नाही, आणि जी घेते तेव्हा कथा तिला शाप देत नाही. हे पुरुषाच्या भीतीचं बाहुलं राहिलेलं नाही. तो बाईच्या भुकेविषयीचा, आजवर मोठ्यानं न विचारला गेलेला प्रश्न आहे.

पूर्वपक्ष : तुमच्या कण्यातच मोड आहे. क्लारिमोंद मद्यात गुंगी घालते. झोपलेल्या, बेशुद्ध समजलेल्या माणसाच्या शरीरातून ती काहीतरी घेते. नंतर त्यानं मनोमन होकार दिला, हे लेखकाचं आयतं सोयीचं उत्तर झालं. आता पात्रांची अदलाबदल करून पाहा. पुरुष बाईच्या पेयात गुंगी घालतो, तिच्या अंगाला हात लावतो, आणि ती पुढे सांगते की मला चालणार होतं. अशी कथा तुम्ही प्रेमकथा म्हणून सहन कराल? रूप बदलून, दुसरीच कुणी असल्याचं भासवून जवळ येणं, ही तर सक्युबसची मूळ विद्या. तिच्या प्रत्येक प्रेमप्रकरणाच्या मुळाशी फसवणूक आहे. ती सुंदर आहे आणि समोर पुरुष आहे, एवढ्यावर तिला सूट देणार असाल, तर भुकेचं सगळं तत्त्वज्ञान पोकळ ठरतं.

उत्तरपक्ष : हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि मी सूट मागत नाही. अदलाबदल करून जे सहन होणार नाही, ते इथेही सहन करू नये. गोतिएच्या कथेत क्लारिमोंदचा अपराध आहेच, आणि तो भुकेचा नसून न विचारण्याचा आहे. तिनं विचारलं असतं तर होकार मिळाला असता, हेच त्या प्रसंगातलं दुःख आहे. माझं म्हणणं असं आहे, की आजच्या चांगल्या सक्युबसकथेनं नेमकी ही जागा पकडली आणि तिथून पुढे काम केलं. प्रेमकथेला हे काम नवं नव्हतं. १९७२ साली कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही कादंबरी आली, तिच्यात नायक नायिकेवर बळजबरी करतो आणि तरीही शेवटी तोच नायक राहतो. ती प्रचंड खपली आणि तिच्या वाटेनं पुष्कळ कादंबऱ्या आल्या. पण पुढच्या काही दशकांत याच प्रकारातल्या लेखिकांनी आणि वाचकांनी तो साचा तपासला, त्यावर भांडणं केली आणि बऱ्याच अंशी टाकून दिला. संमतीचा प्रश्न या प्रकारानं अंगावर घेऊन सोडवला आहे, तोही आपल्याच चुकांमधून. त्यामुळे पुरुषाकडून घेणारी नायिका जेव्हा या प्रकारात आली, तेव्हा तिला विचारायचे प्रश्न तयार होते.

रिशेल मीड यांची जॉर्जिना किनकेड पाहा. २००७ साली ‘सक्युबस ब्लूज’ या कादंबरीपासून ती सुरू झाली. सिअ‍ॅटलमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात ती काम करते आणि नरकासाठी पुरुषांना भ्रष्ट करणं ही तिची दुसरी नोकरी. मीड यांनी एक कठोर नियम घालून दिला आहे : माणूस जितका सज्जन, तितकं त्याच्याकडून मिळणारं सत्त्व अधिक. म्हणजे चांगल्या माणसाला ओरबाडण्याचा मोह सर्वांत मोठा. जॉर्जिना मुद्दाम हलक्या दर्जाचे पुरुष निवडते, कमी मिळालं तरी चालेल म्हणते. आणि ज्याच्यावर तिचं प्रेम बसतं, तो लेखक सेथ मॉर्टेन्सन, त्याला ती स्पर्श करू द्यायला घाबरते, कारण ती काय आहे हे त्याला सांगितल्यावरही त्याच्या झिजण्याची किंमत उरतेच. रूप बदलण्याची विद्या तिच्याकडे आहे, आणि इतरांना ती फसवतेही. कादंबरी ते झाकत नाही. पण ज्याच्याशी नातं जोडायचं त्याच्यासमोर तिला स्वतःची भूक उघडी करून ठेवावी लागते. क्लारिमोंदनं मात्रा पाळली पण विचारलं नाही. जॉर्जिनाला विचारावं लागतं, आणि होकार मिळाल्यावरही स्वतःला आवरावं लागतं. ‘लॉस्ट गर्ल’ या २०१० ते २०१५ मधल्या कॅनडाच्या मालिकेतली नायिका बो हीसुद्धा अशीच. भुकेचा स्वभाव ठाऊक नसताना तिच्या हातून पहिला प्रियकर मेला आहे, आणि पुढे डॉक्टर मैत्रिणीकडून औषध टोचून घेत ती भूक सांभाळायला शिकते. हे पात्र जितकं प्रौढ होत जातं, तितका त्याचा भर मोहिनीवरून हटून जबाबदारीवर येतो.

पूर्वपक्ष : मग तुम्ही आपलाच दावा मोडलात. तुमची भक्कम उदाहरणं कादंबऱ्यांची आणि मालिकेची आहेत. इतका गुंतागुंतीचा प्रश्न रचायला जागा लागते. लघुकथा आणि दीर्घकथा या प्रकारात बहुतेकदा दोन कादंबऱ्यांमधली पोकळी भरायला, चार लेखिकांच्या नावांवर एखादा संग्रह खपवायला लिहिल्या जातात. ओळख, आकर्षण, एक शय्यादृश्य, एक संकट आणि मिलन. त्यात भुकेचा विचार कुठे मावणार?

उत्तरपक्ष : बाजारासाठी लिहिलेल्या कथांविषयी तुमचं निरीक्षण चूक नाही. पण लांबीविषयीचा निष्कर्ष मला उलटा काढावासा वाटतो. मीड यांच्या त्याच मालिकेचा शेवट पाहा. सहा कादंबऱ्या, २०११ मधल्या ‘सक्युबस रिव्हील्ड’पर्यंत. एवढ्या लांबीच्या मालिकेला वाचकाचं देणं चुकवावंच लागतं. शेवटी नरकाच्या न्यायासनापुढे सुनावणी होते, करारातला दोष निघतो, जॉर्जिनाला आत्मा परत मिळतो आणि ती माणूस होते. मला हा शेवट कमी प्रतीचा वाटतो. सहा पुस्तकं ज्या प्रश्नाला ती सामोरी गेली, तो प्रश्न कायद्याच्या एका फटीतून नाहीसा झाला. भूकच गेली, मग मात्रा कशाची आणि संमती कशाची? तुम्ही मघाशी दात काढण्याविषयी बोललात, ते इथे घडलं आहे, आणि ते लांबीमुळे घडलं आहे. लांब गोष्टीला व्याधी बरी करून दाखवावी लागते. आखूड गोष्टीला ती सक्ती नाही. एका रात्रीपुरता, एका निर्णयापुरता शेवट आशादायी झाला तरी तिला पुरतं, आणि नायिका शेवटच्या ओळीतही भुकेलीच राहू शकते. मीड यांनीच २००८ च्या ‘इटर्नल लव्हर’ या चार लेखिकांच्या संग्रहात ‘सिटी ऑफ डेमन्स’ ही दीर्घकथा लिहिली आहे. तुम्ही म्हणता तसाच हा संग्रह. पण कथेत जॉर्जिनाला लॉस एंजेलिसला बोलावणं येतं, ते एका सैतानाच्या खुनाच्या खटल्यात ज्यूरी म्हणून बसण्यासाठी. तूरच्या कथेत जी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती, ती इथे निकाल देणाऱ्यांच्या बाकावर बसली आहे. आणि खटला संपल्यावर ती जशी आली तशीच परत जाते, सक्युबस म्हणूनच. तिला बरं करण्याचं ओझं या कथेवर नाही.

जुनी उदाहरणं मोजली तरी तेच दिसतं. मॅपची कथा थोडक्या पानांची, बाल्झाकची आणि गोतिएची एका बैठकीत वाचून होणारी. १९३३ च्या नोव्हेंबरात ‘विअर्ड टेल्स’ मासिकात सी. एल. मूर यांची ‘शॅम्ब्लो’ आली. मूर बाई इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरी करत होत्या. त्यांचा नायक मंगळावर जमावाच्या तावडीतून एका बाईला वाचवतो आणि मग तिच्याच केसांच्या विळख्यात, परमसुखात, झिजू लागतो. ही प्रेमकथा नव्हे, भयकथा आहे. पण तिच्यातली धारदार जागा सुटकेनंतरची आहे. पुन्हा अशी कुणी भेटली तर तिथल्या तिथे मारशील, असं वचन मित्र मागतो, आणि नायकाला ते ठामपणे देता येत नाही, तो फक्त प्रयत्न करीन म्हणतो. भूक एकट्या तिचीच नव्हती, हे त्या एका अडखळत्या उत्तरात येतं. कादंबरीनं यावर दोनशे पानं खर्च केली असती आणि ती धार गेली असती. लाफ्काडिओ हर्न यांची १९०४ मधली ‘युकी-ओन्ना’ तर याहून लहान : श्वासानं माणसं गोठवून मारणारी हिमस्त्री एका तरुणाला सोडून देते, रूप बदलून त्याच्याशी संसार करते, दहा मुलं होतात, आणि त्याच्या तोंडून जुनं गुपित फुटताच मुलांसाठी त्याला जिवंत ठेवून निघून जाते. ती सक्युबस नाही, जपानी लोककथेतली आहे. पण जीव घेऊ शकणाऱ्या बाईनं हात आवरणं, हे जिवाला भिडतं ते याच लांबीत. गोतिएची कथा इंग्रजीत आणणारेही हर्नच, हे मला निव्वळ योगायोगाचं वाटत नाही.

पूर्वपक्ष : शेवटचं विचारतो. हे सगळं युरोप-अमेरिकेचं. मराठी वाचकानं यात का लक्ष घालावं? आपल्याकडे हे पात्र नाही, आणि उसनं आणलं तर ते उसनंच दिसेल.

उत्तरपक्ष : उसनं आणू नयेच. पण बाळंतपणात किंवा इच्छा अपुरी राहून मेलेली बाई अलवंतीण होते, हडळ होते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे. काही लोककथांत ती माणसाची बायको होऊन नांदते आणि चुलीत लाकडाऐवजी स्वतःचा पाय सरकवते, म्हणून पकडली जाते. ती पकडली गेल्यावर घरातल्यांचं काय झालं, हे त्या गोष्टी सांगतात. तिला काय हवं होतं, हे कुणी विचारत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला गूढकथा गंभीरपणे वाचायची सवय लावली आहे, तेव्हा जमीन तयार आहे. जी कुणी लेखिका किंवा लेखक हडळीची प्रेमकथा लिहायला बसेल, त्यांना माझं एवढंच मागणं आहे : तिला बरी करू नका, तिचा नवरा तिच्यापासून सुरक्षित आहे असं ठरवून टाकू नका, आणि तिला त्याला विचारायला लावा. लिहिण्याआधी गोतिएची कथा मात्र वाचा. हर्न यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १८८२ साली पुस्तकात आला, त्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, आणि तो आज कुणालाही मोफत वाचता येतो.